आधी गडी निवडा

बायका काढणं हे माझं काम होतं. पुण्यात मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं चित्रं काढली आणि त्यातली पाच वर्षं फक्त बायका काढल्या. राक्षस, किल्ले, बंदुका, घोडे हे सगळं पुरुष मंडळींकडे. "बाईचं काम बाईला बरं जमतं," असं आमचे मुख्य चित्रकार म्हणायचे, आणि मग माझ्या खुर्चीमागे उभं राहून मी काढलेल्या बाईची कंबर पडद्यावर बोटाने अजून दोन सूत आत ढकलायचे.

या बायकांचं एक शास्त्र होतं. ते मी आधी चडफडत शिकले आणि नंतर त्यात माझा हात असा बसला की नमुना समोर ठेवायचीही गरज उरली नाही. पुरुष योद्ध्याला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चिलखत. बाई त्याच लढाईला निघालेली, पण तिचं पोट उघडं आणि पायात उंच टाचा. गेममध्ये पात्र नुसतं उभं असलं तरी जिवंत वाटावं म्हणून त्याला हलकीशी हालचाल द्यावी लागते. पुरुष उभा असेल तर श्वासाने त्याची छाती वरखाली होते. बाई उभी असेल तर ती कंबर हलवते. का हलवते, कुणासाठी हलवते, तिला उभ्या उभ्या मुंग्या आल्यात का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. पगार वेळेवर होत होता.

आणि मी कुठली, तर नेकनूरच्या पुढच्या एका खेड्यातली, ऊसतोड्याची पोर. माझं अर्धं बालपण कारखान्यांच्या आसपासच्या माळावर पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या कोपीत गेलं, झोपडीच ती. दिवाळी झाली की आमची टोळी बीड जिल्ह्यातून निघायची आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायची. माझी आई मला जी आठवते ती लुगड्यावर वडिलांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घातलेली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर उसाची मोळी. टाचा अशा फुटलेल्या की मी लहानपणी त्या भेगांत काडी घालून बघायची आणि ती पाय झाडायची. वडील गेल्यावर तिचं तोडीला जाणं थांबलं. थकली म्हणून थांबलं नाही. आमच्याकडे मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि एकटी बाई म्हणजे तेवढंही नाही. मुकादम तिला टोळीत घेतच नाही. त्यामुळे वडील वारले त्या वर्षापासून आई घरी राहिली, दोन जनावरं सांभाळू लागली आणि दुसऱ्यांच्या रानात जाऊ लागली.

तर अशी आई असलेली मी दिवसभर उघड्या पोटाच्या राण्या काढायची आणि संध्याकाळी तिला फोन करायची. "काय काढलं आज?" ती विचारायची. मी म्हणायची, "एक राणी." "बरी हाय का दिसायला?" "हो." "मंग बरं." एवढंच आमचं बोलणं. मला मनातून एकच हौस होती. नोकरी सोडण्याआधी एकदा, एखाद्या तरी गेममध्ये, खरी बाई काढायची. तिच्यासारखी. आणि ती तिला नेऊन दाखवायची.

ती संधी आली तीही दुष्काळामुळे आली, हे आता सांगतानासुद्धा मला विचित्र वाटतं.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याला गाळपाला ऊस मिळेना. जो थोडाफार उभा होता तो जनावरांच्या छावण्यांत कुट्टी होऊन दावणीला पडत होता. कारखाना बंद, सभासद बोंबलतायत आणि वार्षिक सभा तोंडावर आलेली. अशा वेळी चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांच्या डोक्यात आलं की कारखान्याचा एक मोबाइल गेम काढावा. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कारखान्याला पोचवायची. रानात ऊस नाही तर नाही, फोनमध्ये तरी डोलू दे. हे अर्थात ते असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तरुण पिढी सहकाराशी जोडली गेली पाहिजे."

पांढरे बूट आणि कडक इस्त्रीचा शर्ट अशा थाटात ते आमच्या ऑफिसात आले. मी त्यांच्याच भागातली आहे असं कळल्यावर खूश झाले. "अरे वा, म्हणजे मॅडम आपल्याच हायेत! कोणत्या घरातल्या?" मी गावाचं नाव सांगितलं आणि घरचे ऊसतोडीला जायचे हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं सगळं बोलणं आमच्या सरांशी, कंपनीच्या मालकांशी केलं. पण काम माझ्याकडे आलं. चित्रंही माझी, आणि तोडीतलं बारीकसारीक दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसल्यामुळे खेळाचे नियम लिहायचं कामही माझंच. सर म्हणाले, "तू तिकडचीच ना? मग प्रश्नच मिटला."

मी आईला काढलं. पहिल्यांदा माझ्या हाताला कुणी दामटत नव्हतं. शर्ट काढला, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पाचटाने कुरतडलेली मनगटं, चुंबळ, फुटलेल्या टाचा. कंबर जशी असते तशी काढली, कामाच्या बाईची, सरळ. आणि ती नुसती उभी असताना कंबर हलवत नव्हती. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती आणि बाहीने कपाळ पुसत होती. ही हालचाल जमायला मला चार दिवस लागले. पडद्यावर ती पहिल्यांदा कपाळ पुसताना दिसली तेव्हा मी उठून बाहेर जाऊन आले. मला रडू येत होतं आणि ऑफिसात रडलं की लोक चहा आणून देतात, ते मला आवडत नाही.

मग बैठक झाली. मुख्य चित्रकार म्हणाले, चांगलं आहे, पण जरा फ्रेश पाहिजे. चिरंजीव म्हणाले, "बाई लई थकलेली दिसती हो. कारखान्याचं नाव खराब व्हायचं. आणि हा शर्ट कावून घातला हिला? शर्टात बाई म्हणजे आपली संस्कृती कुठं दिसती? चोळी दाखवा, नथ घाला." मी म्हणाले, नथ घालून उसाच्या फडात उभं राहून बघा एकदा, पाचट नथीत अडकलं की कळेल. सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

या शर्टासाठी मी तीन आठवडे भांडले. चित्र पुढे-मागे जात राहिलं. मी शर्ट घातला की तिकडून तो निघून यायचा, कंबर सरळ केली की आत जाऊन यायची. एकदा तर माझी सुट्टी होती त्या दिवशी कुणीतरी तिला पैंजण घालून ठेवले. शेवटी मी राजीनामा लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. तो खरा होता, नाटक नव्हतं. सभेची तारीख जवळ आलेली, दुसरं कुणी नियम जाणणारं नाही, म्हणून त्यांनी माघार घेतली. शर्ट राहिला. टाचा राहिल्या. नथ गेली, पैंजण गेले. कंबरेवर तडजोड झाली. थोडी आत गेली, पण तिने हलायचं नाही असं ठरलं. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि म्हणाले, "आई, तुझा शर्ट राखला मी." ती म्हणाली, "कोणता गं? तो तर कवाच फाटला."

मी स्वतःची पाठ अशी काही थोपटून घेत होते की विचारू नका.

आता नियमांचं सांगते. ते मी एका दुपारी लिहून टाकले, कारण त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलंच नाही. खेळणाऱ्याने सुरुवातीला गडी निवडायचा. मिशीवाला, फेटेवाला किंवा कोवळा, असे तीन गडी. गडी निवडला की त्याच्यासोबत बाई येते. तो कोयत्याने ऊस तोडत पुढे जातो, ती मागून गोळा करते, वाढ्याने, उसाच्या हिरव्या शेंड्याने, मोळी बांधते आणि गाडीपाशी नेते. गड्याची ताकद कमी झाली की ती त्याला भाकरी-पाणी देते आणि त्याची ताकद परत भरते. बाई तिघांनाही एकच होती. गडी बदलला की तिच्या लुगड्याचा रंग तेवढा बदलायचा.

खेळाची यंत्रणा बसवणारा मुलगा कोल्हापूरकडचा होता, सरळ स्वभावाचा. त्याने मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली, "हिची ताकद कमी झालेली दाखवायची का?" मी म्हणाले, नको, उगाच खेळ किचकट होईल. दुसरी, "कुणाला बाईच घेऊन खेळायचं असेल तर? ती एकटी चालवता येऊ दे का?" यावर मी हसले. खरंच हसले, खुर्ची मागे रेलून. शहरातल्या माणसाला काही कळत नाही अशा सुरात मी त्याला कोयता म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि नियमांच्या कागदात एक ओळ वाढवली: एकट्या बाईचा कोयता होत नाही. तो म्हणाला, "तुला माहिती." आणि त्याने तसं बसवलं. त्या बैठकीला चिरंजीवही होते. शर्टावरून तीन आठवडे माझ्याशी भांडलेला तो माणूस या ओळीवर मात्र एकदम प्रसन्न झाला. "हे बघा, हे मॅडमनी एक नंबर दाखवलंय," ते म्हणाले.

चाचणीची प्रत तयार झाली तशी मी ती फोनमध्ये घालून गावाकडे निघाले. बीडहून नेकनूरची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली कोरडी रानं, आणि प्रत्येक फाट्यावर घागरी-ड्रमांची रांग लावून टँकरची वाट बघणाऱ्या बाया. आई गावात नव्हती. कारखान्याने माळावर छावणी उघडली होती, तिथे ती आमची गाय आणि कालवड घेऊन दोन महिन्यांपासून राहत होती. जनावरं छावणीत असली की त्यांच्याजवळ कुणीतरी राहावंच लागतं, आणि आमच्या घरात कुणीतरी म्हणजे आईच.

हिरव्या जाळीचे मांडव, त्याखाली ओळीने बांधलेली जनावरं आणि सगळीकडे उसाच्या कुट्टीचा आंबूस वास. आई गाईच्या दावणीशी पट्ट्यांच्या खाटेवर बसली होती. मला बघून उठली, माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "लई वाळलीस." मी म्हणाले, दुष्काळ आहे ना. ती हसली. दुपारचं ऊन मांडवाबाहेर रणरणत होतं आणि शेजारच्या दावणीची एक काकू, आईच्या वयाची, आमच्या गप्पांत येऊन बसली.

मी फोन काढला आणि चित्र दाखवलं. आईने फोन डोळ्यांपासून लांब धरला. आधी ओळखलं काकूने. "आगं बया, ही तर तूच की! शर्ट बघ की, शर्ट!" पडद्यावरची ती बाई कपाळ पुसत होती आणि आई तिच्याकडे एकटक बघत होती. मग तिने नकळत स्वतःच्या मनगटाने कपाळ पुसलं. मला वाटलं, झालं. पाच वर्षं राण्यांच्या कंबरा बारीक केल्या त्याचं आज फिटलं. मी आयुष्यात इतकी खूश क्वचितच झाले असेन.

"खेळून बघ," मी म्हणाले.

आईने त्या बाईवर बोट ठेवलं. काही झालं नाही. तिने परत ठेवलं, जरा जोरात. बाई जागच्या जागी पाय बदलत राहिली.

"बंद पडली व्हय गं ही?"

"नाही, आधी गडी निवडायचा असतो. वर बघ, लिहिलंय."

आईला वाचता येत नाही, हे मी त्या भरात विसरले. मी स्वतःच फेटेवाला गडी निवडून दिला. तो निघाला, कोयता चालवू लागला, आणि ही त्याच्या मागे. आई बोटाने त्याला पुढे नेत राहिली. तो थांबला की ही थांबे. गड्याची ताकद कमी झाली तशी हिने भाकरी दिली आणि त्याच्या डोक्यावरची ताकदीची पट्टी परत भरली.

"ही दमत न्हाई व्हय?" आईने विचारलं. काकू खो खो हसली. "कशाला दमतीया, बाईचा जलम हाय तिचा!" मीही हसले. मग आईने फोन खाली मांडीवर ठेवला.

"हिला एकटीला चालवता येत न्हाई?"

"अगं, एकट्या बाईचा कोयता कुठे असतो? तुला मी सांगायला पाहिजे का?"

आई गाईकडे बघत बसली. मग अगदी साध्या आवाजात, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "तुझ्या बापाच्या पायावर कोयता बसला, त्या साली तोडलं कोणी?"

काकूचं हसू थांबलं. मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. आणि मग कळलं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. तोडीचा हंगाम लागून आठवडाही झाला नव्हता आणि वडिलांचा कोयता घसरून नडगीवर बसला. ते कोपीत पडून. मुकादम दारात येऊन म्हणाला, जोडी तुटली, तुम्हाला परत धाडतो. आई म्हणाली, दोन दिस बघा. त्या दोन दिवसांचा पुढे सगळा हंगाम झाला. सकाळी ती वडिलांचा कोयता घेऊन फडात शिरायची आणि गड्यांच्या ओळीत, गड्यांच्या बरोबरीने तोडायची. सऱ्या संपल्या की मागे फिरून आपलाच तोडलेला ऊस गोळा करायची, बांधायची, डोक्यावर घ्यायची. मी बांधावर पाण्याची कळशी घेऊन बसलेली असायची. तिचा उजवा हात मनगटापासून सुजला होता. लुगड्याच्या काठाची चिंधी करून तिने तो आवळून बांधला होता आणि कोयता सुटू नये म्हणून कधीकधी मूठही चिंधीने बांधून घ्यायची. ती चिंधी मी माझ्या दातांनी सोडलेली आहे. मुकादमाने नंतर परत धाडायचं नावही काढलं नाही. कोपीच्या दारात उभा राहून तो वडिलांना म्हणाला होता, "पडून राहून बी तुमचा कोयता चालू हाय बरं का." आणि वडील हसले होते.

हे सगळं मी पाहिलं होतं. आणि हे सगळं मी विसरले होते. कशी विसरले, याचा मी पुढे बराच विचार केला. आमच्या घरी त्या सालाची गोष्ट कितीदा तरी सांगितली गेली, पण ती वडिलांच्या पायाची गोष्ट म्हणून. रक्त किती गेलं, हळद कशी दाबली, त्यांनी हूं की चूं केलं नाही. पाहुणे यायचे, वडील धोतर वर करून व्रण दाखवायचे. आई तेव्हा चुलीपाशी असायची. तिच्या तोडण्याला दाखवण्यासारखा व्रण नव्हता, म्हणून ते गोष्टीत आलं नाही. आणि मी, जिच्या डोळ्यांसमोर ते घडलं, तिनेसुद्धा गोष्टच लक्षात ठेवली. चेअरमनच्या पोराला नावं ठेवत मी शर्टासाठी तीन आठवडे भांडले, आणि तिच्या हातातला कोयता मात्र माझ्या हाताने, हसत हसत, काढून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं मला.

"आई, मी..." मी काहीतरी म्हणू लागले.

"तिच्या हातात कोयता दे," आई म्हणाली. "कंबर कशीबी असू दे. शर्ट नसला तरी चालंल. कोयता तेवढा दे."

"देते," मी म्हणाले.

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी पुण्याला आल्याबरोबर सरांकडे गेले. म्हणाले, बाई एकटी खेळता आली पाहिजे, तिला तोडता आलं पाहिजे. सरांनी कोल्हापूरच्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, तिला तोडण्याची हालचालच काढलेली नाही, सगळा खेळ गड्याला धरून बांधलाय, निदान तीन आठवडे लागतील. सभेला दहा दिवस होते. सर चिडले नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी शांतपणे माझाच कागद पडद्यावर उघडला आणि माझीच ओळ मला वाचून दाखवली. "एकट्या बाईचा कोयता होत नाही. हे तू लिहिलंयस. तिकडून मंजुरी पण याच्यावर मिळाली आहे. मग आता नेमकं काय बदललं?"

काय बदललं ते मला सांगता आलं नाही. माझ्या आईने तोडलं होतं, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यांनी रीतसर विचारलं असतं की मग लिहिताना का नाही आठवलं. राजीनामा या वेळी मी लिहिला नाही. शर्टासाठी लिहिला होता.

मी एक चोरटा प्रयत्न केला. नियम जाऊ दे, निदान चित्रात तरी असू दे म्हणून तिच्या उजव्या हातात कोयता काढला आणि खेळात बसवून बघितला. ती गड्यामागे कोयता घेऊन चालू लागली. पण तिच्या नशिबी हालचाल बांधण्याचीच होती. ती मोळी बांधायला वाकली की हातातला कोयता सरळ तिच्या पोटातून आरपार जायचा. ती उठायची, पुन्हा वाकायची, पुन्हा आरपार. कोल्हापूरचा मुलगा म्हणाला, "हे असं नाही ठेवता येणार गं." मी कोयता खोडून टाकला.

सभेला मला बोलावलं होतं. बंद कारखान्याच्या आवारात मांडव घातलेला, गार पडलेल्या धुराड्याखाली खुर्च्या. समोर सभासद, म्हणजे बहुतेक सगळे पुरुष. बायका चहाच्या टेबलामागे. मोठ्या पडद्यावर गेम दाखवला. फेटेवाला गडी निवडला गेला, टाळ्या पडल्या. चेअरमनसाहेबांनी भाषणात सांगितलं की आपल्या कष्टकरी भगिनीला या खेळात मानाचं स्थान दिलं आहे. मग मला वर बोलावून 'ऊसतोड कामगारांची लेक' म्हणून शाल आणि नारळ दिला. मी घेतला. नको म्हणता आलं असतं. मी हात जोडले, फोटोला उभी राहिले आणि खाली आले. छावणी तिथून तासाभराच्या अंतरावर होती. मी आईला भेटायला गेले नाही. काम आहे असं स्वतःला सांगितलं आणि थेट पुण्याची गाडी धरली.

आठवडाभर मी तिला फोन केला नाही. मग तिचाच आला. जनावरांची खुशाली सांगितली, टँकर एक दिवसाआड येतो म्हणाली, काकूच्या बैलाचं सांगितलं. मी हं हं करत होते. मग तिने विचारलं, "दिला का मंग हातात कोयता?"

मला खरं सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. पण तिच्या आवाजात इतकी कमी आशा होती की मला ती सहन झाली नाही.

"दिला," मी म्हणाले. "एकटी पण चालते आता. गड्यांच्या पुढे तोडते."

"लई बेस केलंस," आई म्हणाली. मग पुढे म्हणाली, "परवा कारखान्याची माणसं आलती छावणीत. समद्यांच्या फोनात टाकून गेली तो गेम. माझ्याबी टाकला."

पलीकडे कुणीतरी कुत्र्याला हाड हाड करत होतं.

"मग मला विचारलंस कावून?" मी कसंबसं म्हणाले.

"तू काय सांगतीस ते बघत व्हते," आई म्हणाली.